कवडसा

फर्दापुरात अंधार डोंगराकडून येतो. आधी घाट निळा पडतो, मग कपाशीची रानं, मग मुघलांच्या काळातल्या सराईच्या भिंती. टी-पॉइंटवर शेवटची बस अजिंठ्याच्या लेण्यांहून परतते आणि गारगोट्या विकणारी पोरं आपल्या पेट्या बंद करतात. या वेळी मला हटकून आजोबांचा आरसा आठवतो.

लेण्यांत दिवे नव्हते, तेव्हा चित्रं आरशाच्या उजेडात दाखवत. एक माणूस बाहेर उन्हात उभा राहायचा. त्याच्या आरशातलं ऊन आतल्या पांढऱ्या कापडावर पडायचं आणि तिथून मऊ होऊन भिंतीवर जायचं. आजोबा हेच काम करत. चौकट तापून तळहात भाजायचे, म्हणून त्यांनी तिला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली होती. सूर्य सरकला की आरसाही सरकवायचा, बोटभर, आतल्या माणसाला कळू न देता. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी उजळला की आतून लोकांचा सुस्कारा ऐकू यायचा. आजोबांची पाठ तेव्हा चित्राकडे असायची.

शाळेत वाघूरकाठच्या खडकाळ मैदानावर सरांनी मला फुटबॉलमध्ये स्टॉपर म्हणून मागे उभं केलं, तेव्हा मी रडलो होतो. गोल करणाऱ्याला पोरं खांद्यावर घेत. मागच्याचं नाव निघे ते गोल झाल्यावरच, तेही बोट दाखवायला. पुढे मात्र मागे उभं राहण्याची मला गोडी लागली. तिथून सगळं मैदान दिसतं. बॉल कुठं आहे यापेक्षा तो कुठं जाणार आहे, हे बघायची डोळ्यांना सवय लागते.

म्हणूनच टीव्हीवर एफसी गोवाची मॅच लागली की माझी नजर कार्लोस पेन्यावर जायची. 1983 साली स्पेनमधल्या सालामांकात जन्मलेला, बायादोलिदकडून ला लिगा खेळलेला हा बचावपटू 2018 मध्ये गोव्यात आला तो 35 वर्षांचा होऊन. त्याच्या शेजारी सेनेगलचा मुर्तदा फॉल, एका कडेला सेरिटन फर्नांडिस, दुसऱ्या कडेला मंदार राव देसाई. तीन देशांची चार माणसं एका रेषेत, आणि ती रेषा श्वासासारखी मागेपुढे हलायची. प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरांच्या संघात मागच्यांनी बॉल नुसता उधळून लावायचा नसे. तो पायाशी घ्यायचा, मान वर करायची आणि आपल्याच माणसाकडे सोपवायचा. त्या हंगामात पेन्याच्याच देशाच्या कोरोनं 16 गोल केले आणि सलग दुसऱ्यांदा गोल्डन बूट मिळवला. फातोर्ड्याचं मैदान कोरोच्या नावानं दुमदुमायचं. मला मात्र त्यातल्या कित्येक गोलांचं मूळ पार मागे दिसायचं, पेन्याच्या साध्या पासमध्ये. उजेड भिंतीवर पडतो, पण निघतो आरशातून.

17 मार्च 2019. अंधेरीत इंडियन सुपर लीगची अंतिम लढत, समोर बेंगळुरू. 90 मिनिटांत गोल नाही. जादा वेळ संपायला थोडीच मिनिटं उरली असताना बेंगळुरूला कॉर्नर मिळाला, आणि त्यांच्या मुंबईकर राहुल भेकेनं डोक्यानं बॉल जाळ्यात घातला. भेके स्वतः बचावपटू. एका बचावपटूचं स्वप्न दुसऱ्या बचावपटूनं मोडलं होतं. पेन्यासाठी जीव तुटत होता, आणि भेकेकडे बघून डोळे भरून येत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

महिनाभरात, 13 एप्रिलला, गोव्यानं चेन्नईला 2-1 हरवून सुपर कप जिंकला. पुढच्या हंगामात 18 सामन्यांत 39 गुण मिळवून संघ साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोचलेला पहिला भारतीय संघ ठरला. 2021 च्या एप्रिलमध्ये फातोर्ड्याच्या त्याच मैदानावर आशियातले मोठे संघ उतरले. पेन्या त्यात नव्हता. 2020 मध्येच त्यानं बूट उतरवले होते. जे दार उघडायला त्यानं खांदा लावला, त्यातून दुसरे आत गेले. 2022 मध्ये तो गोव्याचा प्रशिक्षक होऊन परतला आणि मैदानाच्या रेषेबाहेर उभा राहिला.

लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, ‘‘एवढी वर्षं आरसा धरला, पण तुम्ही पद्मपाणी कधी पाहिला का?’’

‘‘पाह्यला ना,’’ ते म्हणाले, ‘‘एक दिवस दुसऱ्यानं आरसा धरला, तेव्हा.’’

त्या उत्तराचा अर्थ मला अंधेरीच्या त्या कॉर्नरनं सांगितला. भेके पुढे धावला, तेव्हा त्याच्या मोकळ्या जागेची राखण करायला त्याच्या संघातलं कुणीतरी मागे थांबलं होतं. टीव्हीवर ते दिसलं नाही. पण ते तिथं होतं, हे मला माहीत आहे.

आजोबांचा आरसा अजून घरात आहे. पारा उडालाय, पट्टी काळी पडलीय. सकाळी उन्हाची तिरीप त्यावर येते आणि समोरच्या भिंतीवर हाताएवढा कवडसा उमटतो. तो खाली घसरू लागला की मी उठतो आणि आरसा बोटभर सरकवतो.