डब्याशिवायचा खजिना

बेलवलीत राहणाऱ्याला डोंगर नवा नाही. तरी आमच्या उर्दू शाळेतल्या बहुतेक मुलींनी तो पाहिला, तो लोकलच्या खिडकीतूनच. सहलीचा विषय निघाला की अम्मी विचारते, "जंगल में क्या रखा है?"

खरोखरच काही ठेवलेले असते, असा एक खेळ आहे. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनच्या रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणाऱ्याने वहीत नाव लिहायचे, एखादी वस्तू घ्यायची आणि बदल्यात दुसरी ठेवायची.

भूगोल शिकवायला याहून चांगला खेळ कोणता? पण माझे मन डब्यापाशी अडले. ११ जुलै २००६ रोजी लोकलमध्ये स्फोट झाले, तेव्हा मी शाळेत होते. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना ऐकतच आम्ही मोठे झालो. स्कार्फ बांधलेल्या मुली झाडाखाली डबा लपवताना दिसल्या, तर बघणाऱ्याला तो खेळ वाटेल काय?

या खेळाचा एक प्रकार डब्याशिवायही खेळतात. त्याला अर्थकॅश म्हणतात. दिलेल्या जागी पोहोचायचे, तिथली जमीन, दगड नीट पाहायचे आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची. गेल्या हिवाळ्यात आम्ही तो माथेरानला खेळलो. मी घरोघर जाऊन इजाजत मागितली. दोघींच्या वडिलांनी मात्र नकार दिला.

वरच्या रानात मोटारींचा आवाज नाही. दाट झाडीखाली मोबाइल चाचपडू लागला, तेव्हा मुली कागदावरच्या खुणांवरून वाट काढू लागल्या. पहिला प्रश्न होता : खाली नेरळला दगड काळा, मग इथली माती लाल का? मुली वाकून माती चोळत असताना एका गृहस्थांनी जरा करड्या आवाजात विचारले, "काय शोधताय?"

"जांभा, काका," आठवीतली एकजण म्हणाली. "पावसाने दगडातले बाकीचे धुऊन नेले, लोखंड राहिले. म्हणून लाल." गृहस्थ थांबले, आणि त्यांनीही चिमूटभर माती हातात घेतली.

दुसरा प्रश्न स्टेशनवर होता. गाडी नसताना मुलींनी वितीने रुळांतले अंतर मोजले. ते जेमतेम दोन फूट भरले. ही गाडी १९०१ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या, सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून बांधली, हे सांगताच एकीने विचारले, "मॅडम, अपने वाले?" मी म्हटले, हो, पण गाडीत सगळेच बसतात.

परतताना त्यांच्या ओढण्यांना लाल धूळ होती आणि कागदावर उत्तरे होती. यंदाचे प्रश्न मुलीच काढत आहेत. नकार देणाऱ्या दोन्ही वडिलांना मी या वेळी सोबत यायलाच सांगितले आहे. एकाने होकार दिला आहे.