भाद्रपद नसतानाही

एडिसन, न्यू जर्सी. फेब्रुवारी.

बाहेर बर्फ, आणि सोफ्याच्या पांढऱ्या खोळीवर लाल ठिपके. आमची चिमी आठ पौंडांची, वय जेमतेम ७ महिने. पुण्याहून आलेली आई चष्मा सावरत म्हणाली, "अगं, हिला कावळा शिवला!"

मी हसले, पण निदान अर्धंच बरोबर. बायकांची पाळी गर्भ न राहिल्यावर येते. कुत्रीचं रक्त माजाच्या सुरुवातीला, बीज सुटण्याआधी दिसतं. फसगत इथेच होते. आठ-दहा दिवसांनी डाग फिकट होतात, आपण म्हणतो सुटलो, आणि नेमके तेच दिवस गर्भ राहण्याचे. म्हणून पुरते तीन-चार आठवडे पट्टा सोडायचा नाही, कुंपणाच्या अंगणातही एकटीला नाही. डायपर (पहिला तिने मिनिटभरात फाडला) सोफा वाचवतो, कुत्र्याला अडवत नाही.

"भाद्रपद तर केव्हाच सरला," आई पुटपुटली. घरातल्या कुत्रीला कुठला भाद्रपद! साधारण सहा-सात महिन्यांनी पुन्हा आहेच.

लहान जातींच्या कुत्रींची नसबंदी पहिल्या माजाआधी, पाच-सहा महिन्यांची असताना करावी, असं अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशन सुचवते. टाळाटाळ माझी. आता गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या, त्यामुळे दोन-तीन महिने थांबायचं. तोवर ती फार पाणी प्यायला लागली, मलूल झाली किंवा पू दिसला, तर तडक दवाखाना: गर्भाशयातला पू जीव घेतो.

शस्त्रक्रियेची तारीख मेमधली मिळाली. आईने एप्रिलचं तिकीट पुढे ढकलायला सांगितलंय.