कोंढाळी ते कळमना

मार्च अखेरची गोष्ट. मृग बहाराची शेवटची संत्री घेऊन दाजींची पिकअप गाडी कोंढाळीहून कळमन्याच्या बाजाराला निघाली. नागपुरात काम होते म्हणून मीही बसलो. निघायलाच नऊ वाजले. अमरावती रस्त्याच्या कडेचा पळस झडत आला होता. संत्र्यांच्या बागा तेवढ्या हिरव्या, बाकी रान उघडे.

बाजारगाव जवळ आले आणि गाडीचा काटा एकदम लाल रेघेवर गेला. सुदैवाने रस्त्यालगतच एका म्हाताऱ्या मिस्त्रीचे छप्पर होते. दाजी बॉनेट उघडून फडक्याने रेडिएटरचे झाकण फिरवणार, तोच तो ओरडला, "हात नोका लावू, काकाजी!"

बरे झाले ओरडला. बंद झाकणाखाली दाब असतो, म्हणून आतले पाणी शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. गरम इंजिनाचे झाकण काढले की कुकरसारखी वाफ उसळते आणि तोंड, हात भाजून निघतात.

तासभर थांबलो. दोन दिवसांपूर्वी फुटकी नळी बदलून कूलंट भरले होते, पण आतली हवा कोणी काढलीच नव्हती. विहिरीवरचा पंप हवा धरतो ना, तसेच हे. हवा इंजिनाच्या माथ्याशी अडकते, तिथे पाणी पोचत नाही आणि हेड तापते. ते वाकले तर खर्च हंगामभर पुरतो!

इंजिन गार झाल्यावर मिस्त्रीने गाडीचे तोंड चढावर करवले, झाकण काढले आणि कूलंट सावकाश ओतले. मग इंजिन संथ चालू ठेवून वरची नळी फडक्याने धरून दाबत राहिला. थर्मोस्टॅट उघडताच बुडबुडे आले, पातळी खाली गेली, पुन्हा भरले. बुडबुडे थांबल्यावरच झाकण लावले. काही गाड्यांना हवा सोडायचा वेगळा स्क्रू असतो, या गाडीला नव्हता. "बुडबुडे थांबलेच नसते, तर हेड गॅस्केट गेलं समजायचं," तो म्हणाला.

सांडलेल्या कूलंटवर त्याने लगेच माती ओढली. हे पाणी गोडसर लागते, जनावर चाटते आणि त्यात विष असते. त्याची शेळी तिथेच बांधलेली होती.

वाडी ओलांडून, शहराला वळसा घालून कळमन्यात पोचलो तेव्हा हर्रास उरकत आला होता. मिळेल तो भाव दाजींनी घेतला. परतताना वाडीला कूलंटचा डबा घेतला आणि त्याचे बूच घट्ट आहे का, ते दोनदा पाहिले. घरी वासरू मोकळे असते.