अकरा मिनिटं

मागच्या दिवाळीत लेकीकडं उज्जैनला गेलो होतो. भाऊबीज झाली, फराळाचा कंटाळा आला आणि नातवंडं घरात मावेनात. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच. लेक म्हणाली, "नाना, यांना वेधशाळा तरी दाखवून आणा." (मुलंही मला नानाच म्हणतात. हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील, आपल्याकडं कुणीही वडीलधारा. या एका शब्दावरून तरी घरात भाषेचा वाद नाही.)

जयपूरच्या सवाई जयसिंगानं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही वेधशाळा क्षिप्रेकाठी बांधली. दिल्ली, जयपूर, काशी आणि मथुरा इथल्या तिच्या चार बहिणी; त्यांतली मथुरेची आता उरलेली नाही. उज्जैनचीही पडझड झाली होती, ती १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली. पुढं आपले गोविंद सदाशिव आपटे इथले अधीक्षक होते. हे सगळं मी रिक्षात सांगितलं. दोघांपैकी एकानंही ऐकलं नाही.

धाकट्यानं आत शिरताच विचारलं, "वाघ किधर है?" इंदूरला का कुठं पेंढा भरलेला वाघ त्यानं पाहिला होता, तेव्हापासून तिकीट काढून जायची जागा म्हणजे वाघ. इथं तर बागेत नुसत्या भिंती, जिने आणि कमानी. पण नाडीवलय यंत्रापाशी त्याचं जमलं. आडव्या नळकांड्यासारखं ते यंत्र, त्याला दोन गोल तोंडं. सूर्य उत्तर गोलार्धात असतो ते सहा महिने उत्तरेच्या तोंडावर ऊन पडतं, उरलेले सहा महिने दक्षिणेच्या. तेव्हा उत्तरेकडं सावली होती. तिथं जाऊन तो ओरडला, "नाना, इकडं रात्र आहे!" मराठीत ओरडला, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

थोरली सम्राट यंत्रापाशी खिळली. मधली तिरपी भिंत ध्रुवाकडं रोखलेली, दोन बाजूंना अर्धवट कमानीसारखे चाप, त्यांवर तास-मिनिटांच्या खुणा. सकाळची वेळ, सावली पश्चिमेच्या चापावर. सावलीची कड जरा धूसर असते, नेमकी कुठं संपते ते चटकन कळत नाही. तिनं कडेशी बोट टेकवलं आणि श्वास रोखून उभी राहिली. मिनिटभरात सावली नखभर सरकून गेली. "चालते!" ती म्हणाली. चालते ती पृथ्वी, हे सांगायचा मोह मी आवरला.

मग तिनं माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "नाना, ये तो ग्यारह मिनट लेट है."

"म्हातारं झालंय गं ते," मी म्हणालो.

ती गप्प बसली नाही. शेजारच्या फलकावर तारखांचा तक्ता होता: यंत्राच्या वेळेत अमुक मिनिटं मिळवली की घड्याळाची वेळ मिळते. त्या दिवसासमोर अकराच. "म्हणजे ते बरोबर आहे. मग चुकलं कोण?"

मी भूगोलाचा मास्तर. लगेच फळ्यावर उभा राहिलो. सगळ्या देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं. उज्जैन त्याच्या पावणेसात अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं. गुणाकार झाला सत्तावीस. आणि तक्ता म्हणत होता अकरा. पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी धाकट्याला पाणी पाजायला गेलो.

रात्री जावयांच्या मोबाइलवर वाचत बसलो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, आस कललेला. त्यामुळं सूर्याचा दिवस कधी चोवीस तासांहून थोडा मोठा, कधी थोडा लहान. हा फरक साठत जातो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सोळा मिनिटं पुढं असतो, फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागं. म्हणजे तेच यंत्र फेब्रुवारीत एक्केचाळीस मिनिटं 'लेट' दिसणार, तरीही बरोबर.

आणि मला झोप येईना. बऱ्हाणपुरात मराठी शाळेत एकतीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो : दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते. एका वर्षी, थंडीतच, एक मुलगा म्हणाला होता, "गुरुजी, आमच्या मळ्यात पाऊण वाजत आला तेव्हा लहान होती, मी काठी रोवून पाहिलं." त्याला मी तासभर उभा केला होता. बऱ्हाणपूरचा हिशेब मांडला : रेखांशाची पंचवीस, फेब्रुवारीची चौदा. बारा एकोणचाळीस.

सकाळी थोरलीला सगळं सांगितलं, त्या मुलाचंसुद्धा. ती म्हणाली, "मग त्याला सांगा ना."

तो मुलगा आता पंचेचाळिशीचा आहे, केळीची बाग करतो. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच्या मळ्यात गेलो. उभ्या उभ्याच सांगितलं. तो हसला नाही, 'जाऊ द्या गुरुजी' असंही म्हणाला नाही. थोडा वेळ मातीकडं पाहत राहिला. मग विचारलं, "आज किती वाजता?"

"बारा वाजून नऊ मिनिटांनी."

त्यानं मोबाइल पाहिला, बांधावरची एक काठी उचलून मोकळ्या जागेत रोवली. "अजून सात मिनिटं आहेत," म्हणाला. "बसा."