सगळ्यात मागचा

लेहला तीन दिवस नुसता बसून काढले. ३,५०० मीटरवर शरीराला तेवढा वेळ द्यावाच लागतो. चौथ्या पहाटे माउंटन बाइक काढली. ५,३५९ मीटरवरची खारदुंग-ला खिंड नंतर. आज फक्त साउथ पुल्लूपर्यंत सराव.

खरं तर ही राइड तिघांची होती. त्यासाठीच दोन वर्षं दर रविवारी आम्ही सिंहगडाचा घाट चढायचो. एका रविवारी हायवेवर मागून ट्रक आला. मी त्या दिवशी झोपून राहिलो होतो.

साउथ पुल्लूला स्वच्छ ऊन होतं, पुढचा रस्ता मोकळा. वाटलं, आजच जाऊ वर. त्या दोघांसाठी. चार-पाच वळणं चढलो आणि डोकं ठणकायला लागलं, मळमळू लागलं.

आमचा एकच नियम होता: जो सगळ्यात मागे, त्याच्या वेगाने सगळे. मागे नेहमी मीच. ते दोघं वळणावर चिक्की खात, मला शिव्या देत थांबायचे.

वळणावर थांबलो. चिक्कीचे तीन तुकडे केले. तिन्ही मीच खाल्ले.

मग सायकल खाली वळवली.