लाल दिवा आणि पस्तीस हजारांचा कागद

बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. रिक्षाच्या धक्क्यांनी परतीच्या वाटेवर त्यांचे फार हाल होत. म्हणून आम्ही दोघा भावांनी मिळून दोन वर्षांपूर्वी एक जुनी चारचाकी घेतली. हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून. बोपोडीच्या आमच्या गल्लीत ती जेमतेम मावते.

गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी, बाबा मागे बसलेले असताना, खडकी बाजाराजवळ डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकू लागला. पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरसारखे चित्र. इंजिन जास्त तापल्याची, आणि काही गाड्यांत कूलंट कमी झाल्याचीही, ती खूण. आम्ही गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, बाबांना भावासोबत रिक्षात बसवले आणि गाडीपाशी थांबलो.

त्या दिवशी आमच्या हातून एक गोष्ट शहाणपणाची झाली. बॉनेट उघडले, पण टाकीचे झाकण उघडले नाही. लहानपणी कात्रज घाटात एका ट्रक ड्रायव्हरने तापलेल्या रेडिएटरचे झाकण फिरवलेले आम्ही पाहिले होते. कोपरापर्यंत हात भाजला होता बिचाऱ्याचा. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. गाडीत मात्र ते दाबाखाली कोंडलेले असते, म्हणून शंभराच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि सगळे एकदम उसळते. म्हणून तासदीड तास थांबलो. पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती. बाटलीतले पिण्याचे पाणी घातले, दिवा विझला. आम्हाला वाटले, झाले काम.

शनिवारी दिवा पुन्हा लागला.

मग एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने पाच मिनिटे पाहून सांगितले, हेड गॅसकेट गेले, इंजिन उघडावे लागेल. अंदाजपत्रक पस्तीस हजार. मुलीच्या प्रवेशाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे तेवढेच होते. वस्तीत आम्ही लोकांना रेशनचे, बँकेचे, हॉस्पिटलचे अर्ज भरून देतो आणि दर वेळी बजावतो की कागद वाचल्याशिवाय सही करू नका. आणि त्या कागदावर सही करायला आमचाच हात पुढे झाला होता. गाडीतले काही कळत नाही, ही भीतीच तशी असते. घरच्यांनी अडवले. म्हणाल्या, "आधी मामांना दाखवा."

मामा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, इंजिन थंड असताना, हॅरिस पूल ओलांडून आले. पहिला प्रश्न त्यांनी आम्हालाच केला, "तू बीकॉम ना? मग सांग, खर्चाची नोंद नाही आणि शिल्लक कमी आहे, तर काय समजायचं?" आम्ही म्हणालो, "पैसे कुठेतरी गेलेत." "मग हे पाणीपण कुठेतरी गेलंय. कुठे, ते आधी शोध." कूलंट पेट्रोलसारखे जळून संपत नाही. तेच ते पाणी इंजिनाची उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जाते, निवते आणि परत येते.

त्यांनी टाकीत पातळीपर्यंत भर घातली आणि बाहेरून चिकटपट्टी लावली. ऑइलची काढी काढून पाहिली. गॅसकेटमधून पाणी ऑइलमध्ये उतरले असते तर ते दुधाळ, कॉफीच्या रंगाचे दिसले असते. तसे नव्हते. इंजिन तापल्यावरही मागून पांढरा गोडसर वासाचा धूर येत नव्हता. पुढच्या सीटखालचा गालिचा कोरडा, म्हणजे हीटरची गळती नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी तोही कोरडा! आमचा धीर सुटला. मामा मात्र टॉर्च घेऊन पाइपांच्या जोडांवरून बोट फिरवत राहिले. एका रबरी पाइपाच्या टोकाशी, क्लिपच्या कडेला, हिरवट वाळका पापुद्रा हाताला लागला. थंड असताना गळत नाही, तापून दाब चढला की थेंब थेंब येते आणि गरम इंजिनावरच सुकून जाते. मग पुठ्ठ्यावर काय पडणार?

तरी मामांनी खात्री करून घेतली. ओळखीच्या मेकॅनिककडे टाकीच्या तोंडाला हातपंप लावून, झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब दिला. थोड्या वेळाने त्याच क्लिपखाली थेंब जमला. जोड दाखवून मामा म्हणाले, "असंच चालवलं असतंस तर गॅसकेट खरंच गेलं असतं." अ‍ॅल्युमिनियमचे हेड जास्त तापले की वाकते.

नाना पेठेतून पाइप आणि क्लिप आणली. मजुरी आणि कूलंट धरून साडेसतराशे रुपये झाले. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे निम्मे, पुस्तिकेत लिहिलेल्याच प्रकारचे. बोअरचे पाणी घालू नये, आत क्षार धरतात. आम्ही घातलेले पिण्याचे पाणी अडचणीपुरते ठीक, पण त्याने मिश्रण पातळ झाले होते, म्हणून सगळेच काढून नवे भरले. मग हीटर चालू ठेवून पंखा फिरेपर्यंत इंजिन चालवले. अडकलेली हवा निघाली, पातळी थोडी उतरली. थंड झाल्यावर पुन्हा भर घातली. काही गाड्यांत पातळी बरोबर असूनही टाकीतल्या सेन्सरची वायर सैल झाली म्हणून दिवा लागतो, हेही मामांनी सांगून ठेवले.

काढलेले जुने कूलंट आम्ही गटारात ओतणार होतो. मामा ओरडले. ते चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री चाटतात, गल्लीतली पोरे रंग पाहून बोट घालतात. डबा घट्ट बंद करून मेकॅनिककडे परत दिला आणि अंगणात सांडलेले दोन बादल्या पाण्याने धुऊन काढले.

चिकटपट्टी अजून टाकीवर आहे. मंगळवारी आणि शनिवारी निघण्याआधी बाबाच काठी टेकत पुढे येतात आणि वाकून पातळी बघतात.