अब्बांचे एसएमएस

गेल्या महिन्यात आपाचा फोन बंद पडला. दुकानदाराने सॉफ्टवेअर मारून दिलं, फोन चालू झाला, आणि आतलं सगळं साफ. फोटो गुगलवर होते, ते परत आले. एसएमएस गेले. तिने मला फोन करून एवढंच विचारलं, "अब्बांचे मेसेज तुझ्याकडे आहेत का रे?"

होते. 2015 साली घेतलेल्या माझ्या जुन्या फोनमध्ये. तो कपाटात पडून होता, बॅटरी फुगल्याने मागचं झाकण उचललं गेलेलं. अशी बॅटरी चार्ज करू नये हे मला ठाऊक आहे. ओळखीच्या कारागिराकडून आधी ती बदलून घेतली, मगच फोन लावला.

एसएमएसच्या बाबतीत आपली एक जुनी समजूत असते, की ते सिमकार्डात राहतात. साध्या फोनच्या काळात थोडेफार राहायचेही. अँड्रॉइडमध्ये ते फोनच्या पोटात असतात. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर काही मिळत नाही. म्हणून 'एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर' नावाचं अ‍ॅप घेतलं. त्यात हवं तेवढंच संभाषण निवडता येतं. मी फक्त अब्बांचा नंबर निवडला. बँकेचे व्यवहार आणि ओटीपी त्या फाइलमध्ये कशाला? दोन मिनिटांत एक एक्सएमएल फाइल तयार झाली. ती संगणकावर नेऊन नोटपॅडमध्ये उघडली.

अब्बा मराठी शाळेचे मास्तर. फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं त्यांना खपत नसे, पण एसएमएस मात्र रोमन लिपीत. कारण काटकसर! इंग्रजी अक्षरांत एका मेसेजमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70. नंबर दिसतोच, तरी प्रत्येक मेसेजखाली 'अब्बा' अशी सही.

फाइलमध्ये तारखा आपल्यासारख्या नसतात. 1 जानेवारी 1970 पासूनचे मिलिसेकंद मोजलेले असतात. 14677206 ने सुरू होणारा एक तेरा आकडी अंक उलगडला, तर निघाली 5 जुलै 2016, संध्याकाळचे पाच चाळीस. मजकूर: 'ईद मुबारक बेटा. अब्बा.' सणाच्या दिवशी एसएमएसचा पॅक चालत नसे, प्रत्येक मेसेजचे पैसे कापले जात. म्हणून अब्बा आदल्या दिवशीच सगळ्यांना मुबारकबाद देऊन मोकळे व्हायचे. त्या वर्षी घोटाळा झाला. रात्री पुढचा मेसेज: 'चांद दिसला नाही. उद्या रोजा आहे. सेहरीला ऊठ. अब्बा.' ईद 7 तारखेला झाली. दोन मेसेजचे पैसे गेले म्हणून ते दिवसभर चुटपुटले असणार.

मी हसलो, मग खाली सरकत गेलो. प्रत्येक ओळीत 'टाइप' असा शब्द असतो. 1 म्हणजे आलेला मेसेज, 2 म्हणजे पाठवलेला. सहज म्हणून मोजून पाहिले. आलेले 284. पाठवलेले 31. त्यातले बरेचसे 'हो', 'मीटिंगमध्ये आहे', 'नंतर करतो'.

फोनवर ते संभाषण मी कितीदा तरी पाहिलं होतं, तिथे हे कधी दिसलं नव्हतं. तिथे त्यांचे शब्द वाचत होतो. इथे एकाखाली एक नुसते 1 दिसत होते.

शेवटची नोंद 2018 च्या नोव्हेंबरातली. 'फुरसत मिळाली की फोन कर. अब्बा.' त्यानंतर 2 नाही. मी फोन केला असेल. केला असेलच, असं वाटतं. अ‍ॅप कॉलची यादीही जपतं, पण जुने कॉल फोन स्वतःच पुसत जातो. त्या दिवसाचं काही उरलं नव्हतं.

फाइल आपाला पाठवण्याआधी माझे 31 काढून टाकावेत असं एकदा मनात आलं. फक्त अब्बांचेच हवेत ना तिला? मग तशीच पाठवली.

रात्री उशिरा तिचा फोन आला. माझ्या उत्तरांबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, "तो चांदचा मेसेज मलाही आला होता. अगदी हाच. फक्त बेटाच्या जागी बेटी."